समलिंगी कल : जन्मजात की स्वेच्छेचा?

ह्या व्याख्यानमालेत आजवर आम्ही बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी कामगार ह्यांवरच बोलत आलो. यंदाचा विषय कळविला तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारले, "हाच ना?" हाच. खरे म्हणजे तो आम्ही शोधायला गेलो नव्हतो. तो एका कर्जाच्या अर्जातून आमच्याकडे चालत आला.

आमच्या कामगार पतपेढीच्या कर्ज समितीवर आम्ही बरीच वर्षे आहोत. एके दुपारी पहिली पाळी सुटल्यावर एक जुने फिटर अर्ज घेऊन आले. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, 'मुलाचे औषधपाणी'. रक्कम मोठी होती, म्हणून आजार कोणता ते विचारले. खुर्ची जवळ ओढून ते हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, पोरगा लग्नाला नाही म्हणतो. मुलींकडे मनच जात नाही म्हणतो. एक डॉक्टर भेटलेत, सहा महिन्यांत सरळ करून देतो म्हणतात. तुम्ही वाचता-बिचता. खरं सांगा, हे माणूस जन्माला येतानाच घेऊन येतं, का नादानं लागतं? जन्माचं असलं तर नशीब म्हणेन. नादाचं असलं तर सोडवीन."

सहीसाठी उघडलेले पेन आम्ही मिटले आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत आणि पुढे वर्षभरात जे वाचले आणि जाणकारांना विचारून पडताळून घेतले, ते येथे मांडीत आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे आणि पदवीधरही नव्हे. तथापि वाटाघाटीच्या मेजावर एक धडा आम्ही पक्का शिकलो आहोत. उत्तराची घाई करण्यापूर्वी मागणीपत्र नीट वाचावे. पुष्कळदा भांडण उत्तरात नसते, प्रश्नाच्या मांडणीत असते.

प्रथम शब्द वेगळे करू. लैंगिक कल म्हणजे माणसाच्या मनाची आणि देहाची ओढ कोणाकडे जाते ते. बहुसंख्य पुरुषांची ती स्त्रियांकडे जाते आणि बहुसंख्य स्त्रियांची पुरुषांकडे. थोड्यांची आपल्याच लिंगाच्या व्यक्तींकडे जाते, काहींची दोन्हींकडे जाते, तर काहींना अशी ओढ जवळजवळ वाटतच नाही. हा झाला कल. त्या ओढीप्रमाणे वागायचे की नाही, हे झाले वर्तन. आणि "मी असा आहे" असे स्वतःला व इतरांना सांगायचे की नाही, ही झाली ओळख. ह्या तीन गोष्टींची सरमिसळ झाली की वाद कधीच मिटत नाही. वर्तनात निवड असते. ओळख उघड करण्यातही निवड असते. म्हणून एक पक्ष म्हणतो, "पाहा, निवड आहे!" दुसरा पक्ष कलाविषयी बोलत असतो, तो म्हणतो, "मुळीच नाही!" दोघे एकमेकांशी बोलतच नसतात. समलिंगी कल असलेला पुरुष घरच्यांच्या आग्रहाने लग्न करून संसार रेटू शकतो. त्याचे वर्तन बदलले एवढेच. ओढ जिथे होती तिथेच राहते.

दुसरी सरमिसळ अधिक सूक्ष्म आहे. "जन्मजात नसेल तर स्वेच्छेचे असले पाहिजे" असे आपण गृहीत धरतो. हे चूक आहे. आपली मातृभाषा पाहा. मराठी कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. तेच मूल दुसऱ्या प्रांतात वाढले असते तर दुसरी भाषा बोलले असते. म्हणून मातृभाषा जन्मजात नव्हे. पण ती आपण निवडली काय? कोणीही निवडली नाही. तेव्हा 'जन्मजात' आणि 'निवडलेले' ह्या दोन टोकांच्या मध्ये मोठा प्रदेश आहे. तिथे गोष्टी जन्मानंतरही घडतात, तरी आपल्या इच्छेने घडत नाहीत. हे ध्यानात ठेवले की पुढील शास्त्रीय पुरावा समजणे सोपे जाते.

हा वाद आजकालचा नाही, त्याला दीडशे वर्षे उलटून गेली. जर्मनीत कार्ल हाइनरिख उलरिख्स नावाचे एक कायदेपंडित होते. १८६७ साली म्युनिक येथे जर्मन कायदेतज्ज्ञांच्या परिषदेत ते उभे राहिले आणि अशा माणसांना शिक्षा देणारे कायदे रद्द करा, असे भर सभेत म्हणू लागले. सभेने आरडाओरडा करून त्यांना बोलू दिले नाही. ही ओढ निसर्गाने दिलेली आहे, म्हणून ती गुन्हा ठरू शकत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. 'समलिंगी' ह्या अर्थाचा आज युरोपीय भाषांत रूढ असलेला शब्द त्यांच्याच काळातील कार्ल मारिया केर्टबेनी ह्यांनी घडविला. तो १८६९ साली छापील रूपात आला. केर्टबेनींना मात्र जन्माचा मुद्दा दुधारी वाटत होता. दोन प्रौढ माणसांच्या संमतीच्या खाजगी व्यवहारात सरकारला नाक खुपसण्याचे कारणच काय, असा त्यांचा रोख होता. ह्या दोन वाटांपैकी कोणती बळकट, ह्याकडे आपण शेवटी येऊ.

आता शास्त्राकडे वळू. निसर्ग किती आणि संगोपन किती हे पाहण्याचे एक जुने साधन म्हणजे जुळी भावंडे. एकबीज जुळ्यांचा जनुकसंच एकच असतो. द्विबीज जुळी सख्ख्या भावंडांइतकीच सारखी असतात. १९९१ साली बेली आणि पिलार्ड ह्या अमेरिकन संशोधकांनी समलिंगी पुरुषांच्या जुळ्या भावांची पाहणी केली. एकबीज जुळ्यांत शेकडा ५२ ठिकाणी दुसरा भाऊही तसाच आढळला, तर द्विबीज जुळ्यांत शेकडा २२ ठिकाणी. पण ही माणसे जाहिराती देऊन गोळा केली होती, आणि दोघेही तसेच असलेल्या जोड्या पुढे येण्याचा संभव अशा वेळी अधिक असतो. पुढे जुळ्यांच्या नोंदवह्यांवरून पाहण्या झाल्या तेव्हा आकडे खाली आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील मोठ्या पाहणीत माणसामाणसांतील फरकाचा आनुवंशिक वाटा पुरुषांत सुमारे शेकडा ३४ ते ३९, आणि स्त्रियांत १८ ते १९ इतका निघाला.

ह्याचा अर्थ काय? सगळे जनुकांवर असते तर एकबीज जुळी नेहमीच सारखी निघाली असती. तसे होत नाही. म्हणजे जनुकांचा वाटा आहे, पण तो पूर्ण नाही. आणि 'घरच्या वळणाचा', म्हणजे एका घरात वाढल्याने दोन्ही भावंडांवर सारखाच होणारा परिणाम? त्याच पाहणीत तो पुरुषांत शून्य आणि स्त्रियांत शेकडा १६ ते १७ दिसला. बाकीचा मोठा भाग प्रत्येकाच्या वेगळ्या परिस्थितीचा. परिस्थिती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वसतिगृह, सिनेमा आणि वाईट संगत येते. शास्त्रज्ञ मात्र आईच्या गर्भातील घडामोडीही त्याच सदरात धरतात.

ह्या गर्भातील घडामोडींविषयी एक कुतूहलाची गोष्ट १९९६ सालापासून चर्चेत आहे. कॅनडातील ब्लँचार्ड व बोगार्ट ह्यांना असे आढळले की, एकाच आईचे जितके थोरले मुलगे, तितका धाकट्याचा कल समलिंगी असण्याचा संभव थोडा वाढतो. प्रत्येक थोरल्या भावामागे सुमारे एक तृतीयांश. हा आकडा मोठा वाटतो, पण तो नीट समजून घ्यावा. मूळ प्रमाण शंभरात २ धरले तर एका थोरल्या भावाने ते पावणेतीनच्या आत राहते. बोगार्ट ह्यांनी २००६ साली पुढचा प्रश्न विचारला. हा परिणाम भावाबरोबर वाढल्याचा की आईच्या उदराचा? सावत्र वा दत्तक थोरल्या भावांबरोबर वाढलेल्यांत तो दिसला नाही. एका आईचे, पण वेगळे वाढलेले भाऊ असतील तर मात्र दिसला. मुलाच्या गर्भातील काही प्रथिनांविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिकारद्रव्ये तयार होत असावीत, असा त्यांचा तर्क आहे. ह्या आकड्यांच्या हिशेबावर अद्याप वाद चालू आहेत, हेही सांगितले पाहिजे. शिवाय थोरला भाऊ नसलेले समलिंगी पुरुष पुष्कळ आहेत. सर्वांना लागू पडणारे हे एकच कारण नव्हे.

मग तो प्रसिद्ध 'समलिंगी जनुक' कुठे गेला? १९९३ साली डीन हॅमर ह्यांनी क्ष गुणसूत्राच्या एका टोकाकडे बोट दाखविले आणि वर्तमानपत्रांनी जनुक सापडल्याची दवंडी पिटली. २०१९ साली सुमारे पावणेपाच लाख माणसांच्या जनुकसंचाची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत एकही 'समलिंगी जनुक' सापडला नाही. संबंध दिसणाऱ्या पाच जागा मिळाल्या. त्यांखेरीज अगदी बारीक परिणाम करणाऱ्या असंख्य जागा आहेत, आणि तपासलेल्या सर्व जागा मिळून समलिंगी वर्तनातील फरकाचा शेकडा ८ ते २५ इतकाच भाग उलगडतो. रक्त तपासून कोणाचा कल सांगणे शक्य नाही, असा त्याचा स्पष्ट निष्कर्ष होता. उंची, बुद्धी, स्वभाव ह्यांचेही असेच आहे. एक कळ दाबली की एक दिवा लागावा, अशी माणसाची घडण नाही.

संगोपनाने कल घडविता येतो काय, ह्याची एक दुःखद परीक्षा वैद्यकाने नकळत घेतली आहे. गेल्या शतकात काही नवजात मुलग्यांची जननेंद्रिये व्यंगामुळे वा अपघाताने निकामी झाली, तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून त्यांना मुली म्हणून वाढविण्याचा सल्ला दिला. कपडे, नाव, शाळा, सगळे मुलीचे. २०१६ साली बेली आणि सहकाऱ्यांनी पुरावा एकत्र केला, तेव्हा मोठेपणीचा कल नोंदलेली अशी सात माणसे सापडली. सातांचीही ओढ स्त्रियांकडेच होती. सात ही संख्या लहान आहे, हे मान्य. पण जन्मापासून सर्व बाजूंनी मुलगी म्हणून वाढवूनही ओढ फिरली नाही, तर चार मित्रांच्या संगतीने किंवा एका सिनेमाने ती फिरते ह्यावर विश्वास कसा ठेवावा?

येथे एक प्रामाणिक पुरवणी जोडतो. काही माणसांचा कल आयुष्यात हळूहळू बदलतो, आणि हे स्त्रियांत अधिक आढळते. अनेक वर्षे त्याच स्त्रियांच्या मुलाखती घेणाऱ्या लिसा डायमंड ह्यांनी ते दाखविले आहे. पण आपोआप बदलणे वेगळे आणि ठरवून बदलणे वेगळे. पावसाचे दिवस बदलतात, म्हणून पाऊस आपल्या हुकमात आहे असे होत नाही.

तेव्हा शास्त्राचे आजचे उत्तर दोन वाक्यांत असे : कल कसा घडतो ह्यात जनुके, गर्भातील घडामोडी आणि इतर गोष्टींचा वाटा आहे, आणि त्याचे एकच एक कारण नाही. पण माणूस तो ठरवून निवडीत नाही, आणि दुसऱ्याने ठरवून तो बदलत नाही.

ह्या शेवटच्या वाक्यावर आमच्या फिटर मित्राचे पैसे अवलंबून होते. 'सरळ करण्याचे' प्रयोग जगात पुष्कळ झाले. विजेचे झटके झाले, ओकारीची औषधे झाली, संमोहन झाले, प्रार्थना झाल्या. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलिंगी कल रोगांच्या यादीतून काढला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. २००३ साली रॉबर्ट स्पिट्झर ह्या नामवंत मानसोपचारतज्ज्ञांनी दोनशे माणसांना दूरध्वनीवर विचारून 'काहींचा बदल होतो' असा निबंध छापला. नऊ वर्षांनी, २०१२ साली, त्यांनीच तो दावा टिकत नसल्याचे सांगून समलिंगी लोकांची क्षमा मागितली. अमेरिकेतच 'एक्झोडस इंटरनॅशनल' नावाची संस्था अनेक वर्षे बदल घडविण्याचे आश्वासन देत होती. २०१३ साली तिच्या अध्यक्षांनी माफी मागून ती बंद केली. आपल्याकडे २०१८ साली भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हा आजार नसल्याचे जाहीर केले. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने असे 'उपचार' थांबविण्याचे आदेश दिले, आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. म्हणजे आमच्यापुढचा अर्ज हा नसलेल्या आजाराच्या मनाई असलेल्या औषधासाठी होता.

डावखुऱ्या मुलांची आठवण येथे होते. आमच्या शाळेत डाव्या हाताने पाटीवर लिहिणाऱ्याच्या बोटांवर पट्टी बसे. तीही गोष्ट अंशतः आनुवंशिक. एकबीज जुळ्यांतही एक डावखुरा आणि दुसरा उजवा असे पुष्कळदा असते. पट्टी खाऊन मुले उजव्या हाताने लिहू लागली. पण चेंडू समोर आला की डावा हातच पुढे जाई. पट्टीने अक्षर बदलले, हात बदलला नाही.

आता मूळ वादाकडे येऊ. पुष्कळ सहृदय माणसे म्हणतात, "बिचारे जन्मतःच तसे आहेत, म्हणून त्यांना त्रास देऊ नये." हेतू चांगला आहे, पण युक्तिवाद कच्चा आहे. जन्म ही ढाल आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ह्या देशाचा इतिहास आठवावा. अस्पृश्यता कोणत्या आधारावर लादली होती? जन्माच्याच ना? जर्मनीत माग्नुस हिर्शफेल्ड ह्यांनी १८९७ पासून 'हे निसर्गदत्त आहे' असे सांगत कायदा बदलण्याची चळवळ चालविली आणि १९१९ साली बर्लिनमध्ये संशोधनसंस्था काढली. १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी ती लुटली, तिची पुस्तके जाळली आणि पुढे हजारो समलिंगी पुरुष छळछावण्यांत धाडले. निसर्गदत्त म्हटल्याने नाझींचा हात थांबला नाही. जो माणूस दुसऱ्याला हीन मानतो, त्याला 'जन्मजात' हा शब्द कीड समूळ काढण्याचे निमित्त म्हणूनही वापरता येतो.

उलट बाजू पाहा. घटनेच्या पंधराव्या कलमात जात आणि जन्मस्थान आहे, ते जन्माने येते. त्याच ओळीत धर्मही आहे, आणि धर्म बदलता येतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह तो बदलला. जाणूनबुजून निवडलेला धर्म म्हणून त्याचे संरक्षण कमी झाले काय? आणि आमचेच घ्या. युनियनचे सभासदत्व कोणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही. ते पावती फाडून घ्यावे लागते. तरी संघटना करण्याचा हक्क घटनेने मान्य केला आहे. हक्क जन्माच्या दाखल्यावर मिळत नाहीत, माणूस म्हणून मिळतात. कसोटी एवढीच, की दोघे प्रौढ आहेत काय, दोघांची राजीखुशी आहे काय, आणि कोणाचे नुकसान होत आहे काय. बालकांवरचा अत्याचार आणि बळजबरी ह्या कसोटीवर गुन्हाच ठरतात, मग करणाऱ्याचा कल कोणताही असो.

कायद्याची वाटचालही हेच सांगते. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत ३७७ वे कलम घातले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून वगळले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते संबंध गुन्हा नाहीत असे एकमताने सांगितले. त्या निकालात कल नैसर्गिक असल्याचे म्हटले आहेच, पण आधार आहे तो समता, प्रतिष्ठा आणि खाजगी जीवनाच्या हक्काचा. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली, आणि नव्या न्याय संहितेत ते कलम नाही. समलिंगी विवाहाला मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मान्यता दिली नाही.

हे सारे परकीय खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रातील एक खटला सांगावासा वाटतो. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांवरच्याही प्रश्नांना, ते सरळ उत्तरे देत. त्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरला, दंड झाला. पण प्रश्न विचारणे आणि त्याला शास्त्राने उत्तर देणे हा गुन्हा नव्हे, ही बाजू मराठी माणसांनी इतक्या आधी लढविली आहे.

आणि आमच्या चळवळीतल्या मित्रांसाठी एक गोष्ट. १९८४-८५ साली ब्रिटनमध्ये कोळसा खाणकामगारांचा वर्षभर संप चालला. तेव्हा लंडनच्या समलिंगी स्त्रीपुरुषांनी डबे हलवून पैसे जमविले आणि वेल्समधील डलिस खोऱ्यातील संपकरी कुटुंबांना पोचविले. संप मोडला. पण १९८५ च्या जूनमध्ये लंडनला समलिंगी हक्कांचा मोर्चा निघाला, तेव्हा खाणकामगार आपले निशाण घेऊन त्यात चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात त्या हक्कांच्या ठरावामागे त्यांच्या युनियनने आपली मते उभी केली. "तुमचा कल जन्माचा की निवडीचा?" असे त्यांनी विचारले नाही. संपात कोण बरोबर होते, एवढे त्यांनी लक्षात ठेवले.

आठ दिवसांनी फिटर मित्र आले. आम्ही वरील गोष्टी जमेल तशा सांगितल्या. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझं काही चुकलं नाही?" आम्ही म्हणालो, "तुमचं चुकलं नाही, वहिनींचं नाही आणि पोराचंही नाही." त्यांनी विचारले, "मग लग्न लावून दिलं तर?" त्यावर आम्ही उलट विचारले, "जी मुलगी सून म्हणून आणाल, तिला आधी हे सांगाल का?" ते काही बोलले नाहीत. अर्जाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

पुढच्या पावसाळ्याआधी त्यांचा दुसरा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात 'घरदुरुस्ती' लिहिले होते, आणि दोन जामिनांपैकी एक सही त्या मुलाची होती. तो स्वतःही आता पतपेढीचा सभासद झाला आहे. तो अर्ज आम्ही मंजूर केला.